‘चार्ज’ म्हणजे नेमकं काय? अर्थ ठरवण्याची आणि समानार्थी शब्द निवडण्याची रीत

बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये दोन कागद शेजारी शेजारी असू शकतात: चार्ज रिपोर्ट आणि चार्जशीट. पहिल्यात त्याने टेबल, किल्ल्या, रजिस्टरं आणि शिल्लक साहित्य पुढच्या माणसाच्या हवाली केल्याची नोंद असते. दुसऱ्यात त्याच्यावर ठेवलेला दोषारोप असतो. भाषांतर करणाऱ्याने दोन्हीकडे ‘आरोप’ लिहिलं, की बदलीवर निघालेला माणूस कागदोपत्री थेट चौकशीत जाऊन बसतो.

कोल्हापुरात हे काम आता वाढलंय. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथे सुरू झालं आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. त्यामुळे सातबारा, वीजबिल, सोसायटीचे ठराव, खातेनिहाय चौकशीचे कागद इंग्रजीत न्यावे लागतात आणि तिकडचे आदेश पक्षकाराला मराठीत समजावून सांगावे लागतात. टायपिंग सेंटरवाले, वकिलांकडची ज्युनिअर मंडळी, कारखान्यातले स्टोअरकीपर, स्पर्धा परीक्षेची मुलं, सगळ्यांची चूक साधारण एकाच जागी होते. शब्द दिसला की मोबाईलवर शोधायचा, पहिला अर्थ घ्यायचा आणि त्याखालच्या यादीतला त्यातल्या त्यात भारदस्त समानार्थी शब्द उचलायचा. ‘चार्ज’ हा शब्द या सवयीला हमखास तोंडघशी पाडतो, म्हणून तोच उदाहरणाला घेतलाय. सेट, रन, ऑर्डर, इश्यू या शब्दांनाही हीच रीत चालते.

आधीची तयारी

काम सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी जवळ ठेवा.

1. मूळ मजकुराचं पूर्ण पान. व्हॉट्सॲपवर आलेली एकच ओळ घेऊन बसू नका. वरचा आणि खालचा परिच्छेद हवाच.
2. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असते तशी, उदाहरणवाक्यं देणारी इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. इंग्रजी-मराठी खिशातली डिक्शनरी इथे पुरत नाही. ती पाच मराठी शब्द स्वल्पविराम देऊन एका रांगेत टाकते आणि कुठला कधी वापरायचा ते सांगत नाही.
3. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. सरकारी आणि कोर्टाच्या कागदाला ठरलेला मराठी शब्द लागतो. तिथे आपल्या मनाचा शब्द चालत नाही.
4. त्याच जातीचा एक मूळ मराठी कागद. वीजबिलाचं काम असेल तर मराठी वीजबिल, जमिनीचं असेल तर सातबारा. चौथी गोष्ट लोक हमखास टाळतात आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

सावधान: सगळ्या डिक्शनऱ्या अर्थ एकाच क्रमाने देत नाहीत. काही जास्त वापरातला अर्थ आधी देतात, काही सगळ्यात जुना. त्यामुळे ‘पहिला अर्थ’ म्हणजे ‘मुख्य अर्थ’ असं धरून चालू नका.

टप्पा 1: नाम की क्रियापद, ते आधी बघा

हे काम मिनिटभराचं आहे, पण वगळू नका. ‘द चार्ज’, ‘अ चार्ज’, ‘चार्जेस’ असं दिसलं तर बहुधा नाम. ‘चार्ज्ड’, ‘चार्जिंग’, ‘विल चार्ज’ असं दिसलं तर बहुधा क्रियापद. क्रियापद असेल तर लगेच दोन प्रश्न विचारा: कोणी केलं, आणि कोणाला किंवा कशाला केलं? दुकानदार गिऱ्हाईकाला करतो, पोलीस संशयिताला करतात, कामगार भट्टीला करतो, गवा माणसावर करतो. कर्ता आणि कर्म हातात आले की निम्मे अर्थ आपोआप गळतात.

पडताळा: कर्ता सापडत नसेल तर वाक्य कर्मणी आहे. आधीच्या वाक्यात जाऊन कर्ता शोधा. तो सापडेपर्यंत डिक्शनरी उघडू नका.

टप्पा 2: शेजारचा छोटा शब्द पकडा

सगळा खेळ इथे आहे. ‘चार्ज’च्या मागे-पुढे विथ, फॉर, ऑफ, ॲट, टू, ऑन यांपैकी काय बसलंय, यावर अर्थ ठरतो.

‘चार्ज फॉर’ आलं की पैशांचा मामला. डॉक्टरांनी तपासणीचे पैसे घेतले, गॅरेजवाल्याने पंक्चरचे घेतले.

‘चार्ज ॲट’ आलं की कोणीतरी अंगावर धावून जातंय. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाबद्दलच्या इंग्रजी मजकुरात गव्यासाठी हा प्रयोग भेटू शकतो. मराठीत ‘गव्याने हल्ला चढवला’पेक्षा ‘गवा अंगावर धावून आला’ हे जास्त नेमकं, कारण धावून येणं म्हणजे धडक बसलीच असं नाही.

‘चार्ज टू’पुढे खातं असेल तर रक्कम त्या खात्यावर नावे टाकायची, म्हणजे डेबिट करायची.

‘चार्ज ऑन’ किंवा ‘चार्ज ओव्हर’ आणि पुढे मालमत्ता असेल तर बोजा. त्याचं टप्पा 3 मध्ये बघू.

‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे विनामूल्य. पाट्यांवर ‘फ्री ऑफ चार्जेस’ लिहिलेलं दिसतं, ते चूक. या प्रयोगात अनेकवचन येत नाही.

आता दोन खरे सापळे.

पहिला ‘चार्ज्ड विथ’. बहुतेकांनी पाठ केलेलं असतं की ‘विथ’ आलं म्हणजे आरोप. पण पुढचा शब्द बघितल्याशिवाय हे ठरत नाही. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप. ‘द कमिटी वॉज चार्ज्ड विथ प्रिपेअरिंग द रिपोर्ट’ म्हणजे समितीवर अहवाल तयार करण्याची जबाबदारी सोपवली. ‘विथ’नंतर गुन्हा किंवा गैरवर्तन असेल तर आरोप, काम असेल तर जबाबदारी. चौकशी समितीच्या कागदात दोन्ही प्रयोग एकाच पानावर येऊ शकतात. तिथे घाई केली तर चौकशी करणारी समितीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

दुसरा सापळा ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांचा. मधल्या ‘द’ने बाजू उलटते. ‘शी इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे ती मुलांना सांभाळते. ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे मुलं नर्सच्या देखरेखीखाली आहेत. पहिल्यात सांभाळणारा आधी येतो, दुसऱ्यात सांभाळला जाणारा.

पडताळा: वाक्यातला छोटा शब्द आणि त्याच्या पुढचं नाम, दोन्ही पेन्सिलीने गोल करा. गोल एकच झाला असेल तर टप्पा अर्धवट राहिलाय.

टप्पा 3: कागद कोणत्या खात्याचा, ते ठरवा

अर्थ कळला तरी मराठी शब्द ठरलेला नसतो. पैशांचा ‘चार्ज’ प्रत्येक दारात वेगळं नाव लावतो.

*वीजबिल.* महावितरणच्या मराठी बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात. म्हणजे तिथे ‘चार्ज’ला शब्द ‘आकार’. त्याच बिलावर ‘वीज शुल्क’ अशी वेगळी ओळ असते. ती म्हणजे सरकारचा कर, इंग्रजीत ‘ड्यूटी’, घरगुती बिलात 16 टक्के. आता कोणी ‘एनर्जी चार्ज’चं ‘वीज शुल्क’ केलं, तर शब्द कानाला बरोबर वाटतो आणि रक्कम मात्र भलत्याच ओळीतली उचलली जाते. बिलाचा वाद असेल तर एवढ्यावरून सगळा हिशेब चुकतो.

*सातबारा.* इथे उलटा फटका बसतो. सातबारावरही ‘आकार’ असतो, पण तो जमिनीचा महसुली आकार, इंग्रजीत ‘असेसमेंट’. वीजबिलावरून शिकलेला ‘आकार म्हणजे चार्ज’ हा नियम इथे लावला तर शेतकऱ्यावर नसलेलं कर्ज चढतं. खरा ‘चार्ज’ बसलेला असतो इतर हक्कांच्या रकान्यात, ‘बोजा’ या नावाने. विकास सेवा सोसायटीचं पीककर्ज घेताना सभासद इकरार, म्हणजे जमिनीवर बोजा ठेवत असल्याचं लेखी निवेदन, करून देतो. सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधल्या कलम 48 खालचा हा बोजा पुढे सातबारावर चढतो. मुळात गाडीवर ओझं लादणं असाच या शब्दाचा अर्थ होता, त्यामुळे जमिनीवरचा ‘बोजा’ लक्षात ठेवायला सोपा जातो.

सावधान: बोजाला समानार्थी म्हणून ‘मॉर्गेज’ लिहू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मध्ये गहाण कलम 58 मध्ये आहे आणि बोजा कलम 100 मध्ये. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध हस्तांतरित होतो, बोजात तसा होत नाही. देणं फक्त त्या मालमत्तेवर सुरक्षित ठेवलेलं असतं. बोलताना आपण दोन्हीला ‘जमीन अडकलीय’ म्हणतो. कागदावर तसं चालत नाही.

*महापालिका.* ‘वॉटर चार्जेस’ म्हणजे पाणीपट्टी. आणि आपला घरफाळा हा ‘चार्ज’ नाही, कर आहे; इंग्रजीत ‘प्रॉपर्टी टॅक्स’. बाहेरगावच्या भाषांतरकाराला ‘घरफाळा’ हा शब्दच नवा असतो, तो ‘हाउस रेंट’ लिहून मोकळा होतो.

*मार्केट यार्ड.* गुळाच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, हमाली आणि तोलाई असते. इंग्रजीत हे ‘हँडलिंग चार्जेस’ आणि ‘वेइंग चार्जेस’. अडत मात्र ‘कमिशन’. तिन्ही ओळी एका ‘अदर चार्जेस’मध्ये कोंबल्या की कोणती रक्कम कशाची ते कधीच कळत नाही.

*पोलीस आणि कोर्ट.* इथे पायऱ्यांचा क्रम लक्षात ठेवा. आधी गुन्हा दाखल होतो. मग तपास होऊन पोलीस दोषारोपपत्र न्यायालयात सादर करतात. ते आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173 खाली जायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली जातं. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करतं. ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’ म्हणतात ते हे. शिक्षा किंवा सुटका त्याच्याही पुढे. ‘ही वॉज चार्ज्ड’चं भाषांतर ‘तो दोषी ठरला’ असं केलं तर तुम्ही खटला न चालवताच निकाल देऊन टाकलात. ‘बुक्ड’ असेल तर ‘गुन्हा दाखल’ एवढंच लिहा.

*ऑफिस.* चार्ज घेणं म्हणजे पदभार किंवा कार्यभार स्वीकारणं. ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार. ‘हेडमास्टर इन चार्ज’ म्हणजे प्रभारी मुख्याध्यापक.

*विज्ञान.* पाठ्यपुस्तकात ‘इलेक्ट्रिक चार्ज’ला ‘विद्युत प्रभार’ म्हणतात. धन आणि ऋण असे दोन प्रकार, एकक कूलोम. ऑफिसातल्या ‘प्रभारी’शी त्याचा संबंध जोडू नका.

*फाउंड्री.* शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी इकडे जरा जास्त लक्ष द्यावं. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, ‘चार्ज’ म्हणजे भट्टीत टाकायचा माल. क्युपोलाला, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीला, पिग आयर्न, स्क्रॅप, कोक आणि चुनखडी. इंडक्शन भट्टीला कोक लागत नाही. ‘चार्ज द फर्नेस’ म्हणजे भट्टीत माल भरा. गोंधळ होतो तो इंडक्शन भट्टी विजेवर चालते म्हणून. नवीन मुलगा मॅन्युअल वाचतो आणि त्याला वाटतं, बॅटरीसारखं काहीतरी चार्ज करायचंय. मॅन्युअलमध्ये ‘डू नॉट चार्ज वेट स्क्रॅप’ अशी सूचना असते. मोबाईलवरच्या भाषांतराने त्याचं ‘ओल्या भंगाराचे पैसे आकारू नका’ असं केलं तर वाचणारा हसून पुढे जाईल आणि ओला स्क्रॅप तसाच वितळलेल्या धातूत टाकेल. ओलाव्याची क्षणात वाफ होते, ती स्फोटासारखी फुटते आणि रस बाहेर उडतो. भिंतीवर लावायची सूचना साधी हवी: ‘ओला, तेलकट किंवा बंद पोकळ स्क्रॅप भट्टीत टाकू नका.’ पोकळ बंद तुकड्यात अडकलेली हवा आणि पाणीही तेच करतं, म्हणून ते सोबतच लिहावं.

टप्पा 4: अर्थ मराठीत, पूर्ण वाक्यात लिहा

नुसता शब्द नको, वाक्य लिहा. ‘चार्ज = आरोप’ अशी नोंद करून काही हाती लागत नाही. ‘पोलिसांनी त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्र सादर केलं’ असं लिहा. वाक्य मोठ्याने वाचा. शेजारी बसलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ते एका दमात कळलं पाहिजे. ‘त्याला चोरीसह आरोपित करण्यात आले’ असलं काही तोंडून निघालं, तर इंग्रजी वाक्यच मराठी कपडे घालून उभं आहे असं समजा आणि पुन्हा टप्पा 2 वर जा.

टप्पा 5: आता समानार्थी शब्द, त्याच अर्थाच्या घरातून

समानार्थी शब्द शब्दाला चिकटत नाहीत, त्याच्या एकेका अर्थाला चिकटतात. ‘फी’ हा एका चार्जचा भाऊ, ‘ॲक्युझेशन’ दुसऱ्या चार्जचा. त्या दोघांची आपसात ओळखसुद्धा नाही. परीक्षेच्या गाइडमधल्या ‘चार्ज: फी, अटॅक, ब्लेम, लोड, ड्यूटी’ अशा याद्या पाठ करणं मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो.

पैशांच्या घरात असं चालतं. व्यावसायिकाला किंवा संस्थेला देतो ती ‘फी’. एसटी-रिक्षाचं भाडं ‘फेअर’, घराचं भाडं ‘रेंट’. रस्त्याचा ‘टोल’, त्याचा अर्थ टोलविरोधी आंदोलन केलेल्या कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. वस्तूची किंमत ‘प्राइस’, दरपत्रक ‘टॅरिफ’, सरकार लादतं ती ‘लेव्ही’. ‘फाइन’ म्हणजे दंड. तो शिक्षा म्हणून असतो, सेवेचा मोबदला म्हणून नाही. लायब्ररीचा लेट फाइन आणि मेंबरशिप फी एका ओळीत टाकू नका.

आरोपाच्या घरात वजन बघा. ‘ॲक्यूज’ कोणीही कोणाला करू शकतं, शेजारीसुद्धा. ‘ॲलेज’मध्ये बोलणाऱ्याकडे अजून पुरावा नसतो, म्हणून बातमीदारांचा तो आवडता. ‘चार्ज’ अधिकृत. ‘इन्डाइट’ प्रामुख्याने अमेरिकी न्यायव्यवस्थेतला. आपल्याकडच्या चार्जशीटला तो लावू नये.

जबाबदारीच्या घरात ‘एन्ट्रस्ट’ आणि ‘असाइन’. भट्टीच्या घरात ‘लोड’ आणि ‘फीड’. जनावराच्या घरात ‘रश ॲट’. ‘अटॅक’ थोडा पुढचा. ‘चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’ला मराठीत तणावाचं वातावरण, किंवा प्रसंग भावनेचा असेल तर भारलेलं वातावरण.

टप्पा 6: शब्द बदलून वाक्य चालवून बघा

निवडलेला शब्द मूळ वाक्यात बसवा. तीन चुका इथेच सापडतात.

पहिली, जुन्या शब्दाचा शेजारी नव्याला चिकटवणं. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ बरोबर, पण ‘ॲक्यूज्ड विथ थेफ्ट’ चूक. तिथे ‘ॲक्यूज्ड ऑफ’ लागतं.

दुसरी, कर्ता तसाच ठेवणं. माणूस किंवा दुकान ‘चार्ज’ करतं, वस्तू किंवा काम ‘कॉस्ट’ होतं. ‘द मेकॅनिक चार्ज्ड मी 500 रुपीज’ हे बरोबर. त्यात नुसतं ‘कॉस्ट’ बसवलं तर मेकॅनिकलाच 500 रुपयांत विकत घेतल्यासारखं होतं. कर्ता बदलून ‘द रिपेअर कॉस्ट मी 500 रुपीज’ करावं लागतं.

तिसरी, पायरी बदलणं. ‘चार्ज्ड’च्या जागी ‘कन्व्हिक्टेड’ व्याकरणात अगदी फिट बसतो, म्हणून ही चूक नजरेतून सुटते.

आता एक रचलेला नमुना घेऊन सगळे टप्पे एकदम चालवू:

‘द सुपरवायझर इन चार्ज ऑफ द फर्नेस चार्ज्ड वेट स्क्रॅप. ही हॅज बीन चार्ज्ड विथ नेग्लिजन्स. द रिपेअर चार्जेस विल बी चार्ज्ड टू द मेंटेनन्स अकाउंट.’

शब्द पाच वेळा आलाय. पहिल्यापुढे ‘ऑफ’ आणि भट्टी, म्हणजे सांभाळणारा. दुसरं क्रियापद, कर्म स्क्रॅप, म्हणजे माल टाकणं. तिसऱ्यापुढे ‘विथ’ आणि हलगर्जीपणा. हे काम नाही, गैरवर्तन आहे, म्हणजे दोषारोप. इथे पोलिसांचा उल्लेख नाही, त्यामुळे ‘गुन्हा दाखल’ लिहायचं नाही. चौथं नाम, अनेकवचनी, दुरुस्तीशी जोडलेलं, म्हणजे खर्च. पाचव्यापुढे ‘टू’ आणि खातं, म्हणजे नावे टाकणं. मराठी असं होतं:

‘भट्टी सांभाळणाऱ्या सुपरवायझरने ओला स्क्रॅप भट्टीत टाकला. त्याच्यावर हलगर्जीपणाचा दोषारोप ठेवण्यात आला आहे. दुरुस्तीचा खर्च देखभाल खात्यावर नावे टाकला जाईल.’

मराठीत ‘चार्ज’ एकदाही आला नाही. पण हे तत्त्व म्हणून पाळू नका. मोबाईलला ‘चार्जिंग’च म्हणावं, आणि ऑफिसात ‘चार्ज दिला’ हे सगळ्यांना कळतं. अधिकृत पत्रात फक्त ‘कार्यभार’ लिहा.

टप्पा 7: उलटं भाषांतर, मूळ कागद झाकून

तुमचं मराठी दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून घ्या, निदान तोंडी. मूळ पान त्याच्यापासून लांब ठेवा. ‘बोजा’चं परत ‘बर्डन’ झालं तर घाबरू नका, सातबारा दाखवला की सुटतं. ‘दोषारोप’चं परत ‘गिल्टी’ झालं तर मात्र वाक्य दुरुस्त करा. ते वाचणाऱ्या दुसऱ्यालाही तसंच वाटणार आहे. मोबाईलवरचं भाषांतर इथे पडताळ्यापुरतं वापरायला हरकत नाही, पण त्याला पूर्ण परिच्छेद द्या. सुटा शब्द दिला तर ते अंदाजच ठोकणार.

मग वहीत नोंद करा: इंग्रजी वाक्य, कागदाचा प्रकार, मराठी वाक्य, आणि चालणारा एक समानार्थी शब्द त्याच्या छोट्या शेजाऱ्यासकट. नोंद वर्णानुक्रमे न लावता कागदाच्या प्रकाराप्रमाणे लावा: जमीन, वीज, फौजदारी, सेवा, कारखाना. पुढच्या वेळी सातबारा समोर आला की जमिनीचं पान उघडायचं. तिथे ‘आकार’ आणि ‘बोजा’ एकाखाली एक सापडतील.

कागद देण्याआधी शेवटचं: पूर्ण मजकुरात हा शब्द जितक्या वेळा आलाय तितक्या जागा मोजा आणि प्रत्येक जागेचं मराठी शेजारी लिहा. दोन जागांना एकच मराठी शब्द आला असेल, तर त्या दोन जागा टप्पा 2 पासून पुन्हा तपासा. बरोबर निघाल्या तर राहू द्या.